डीएमएस, जंगल की गोअर-टेक्स: लष्करी बुटांची पारख

पुणे कॅम्प, खडकी, देवळाली, कामठी अशा छावणीच्या गावांतल्या दुकानांत, आणि आता ऑनलाइनही, ‘आर्मी बूट’ या एकाच नावाखाली निदान पाच वेगळ्या जातींचे बूट विकले जातात: काळे चामड्याचे डीएमएस (डायरेक्ट मोल्डेड सोल, म्हणजे साच्यात ओतलेल्या सोलचे), नाल ठोकलेले ड्रिल बूट, हिरव्या कॅनव्हासचे जंगल बूट, अमेरिकी धाटणीचे कायोटी ब्राउन, म्हणजे पिवळसर तपकिरी, रंगाचे उंच बूट आणि आत गोअर-टेक्ससारखं जलरोधक अस्तर असलेले थंडीचे बूट. पाचही आपापल्या जागी उत्तम आणि जागा चुकली की पाचही पाय सोलून काढतात. एनसीसीचा कॅडेट, सुरक्षारक्षक, होमगार्ड आणि पावसाळ्यात घाटवाटा तुडवणारा ट्रेकर, सगळे एकाच काउंटरवर येतात आणि बहुतेक वेळा बूट दिसण्यावरून उचलतात. दुकानदार आधी नंबर विचारतो. त्याआधी दोन गोष्टी ठरलेल्या असाव्यात: हे बूट कुणाच्या आदेशाखाली घालायचे आहेत, आणि आत शिरलेलं पाणी बाहेर कसं जाणार आहे.

आधी आदेश

सैन्यात बूट मिळतात आणि कोणत्या कामाला कोणते घालायचे ते युनिट सांगतं, त्यामुळे जवानाला निवडीचा प्रश्न फारसा येत नाही. येतो तो एनसीसी, खासगी सुरक्षा आणि होमगार्डच्या मंडळींना. एनसीसीच्या परेडसाठी काळा, पॉलिश घेणारा, गुळगुळीत चामड्याचा बूट घ्यावा. पुढे टो-कॅपची शिलाई असलेला की अगदी साधा, हे मात्र आपल्या एएनओना (शाळा-कॉलेजातले एनसीसी अधिकारी) किंवा पीआय स्टाफला (सैन्यातून आलेले कवायत प्रशिक्षक) विचारूनच ठरवावं, कारण स्क्वॉडमध्ये एकाचा बूट वेगळा दिसला की तो पहिल्या रांगेतून मागे जातो. बाजूची झिप, रंगीत शिलाई, कंपनीचा ठळक लोगो, कॉलरवर वेगळ्या रंगाचं पॅडिंग किंवा तपकिरी सोल, यातलं काहीही असलं तरी बूट परेडला चालेल असं गृहीत धरू नका. झिप सोयीची असते हे खरं, पण चिखलात सगळ्यात आधी तीच अडकते आणि एकदा दात निघाले की तो बूट बांधताच येत नाही.

ऑनलाइन जाहिरातीत ‘एआर ६७०-१ मान्य’ असं झळकत असतं. तो अमेरिकी लष्कराचा पोशाखाचा नियम आहे, आपल्याकडच्या कॅडेटला त्याचा काडीचा उपयोग नाही. अमेरिकेत आरओटीसीत (कॉलेजातल्या लष्करी अधिकारी प्रशिक्षणात) किंवा सैन्यात गेलेल्या मराठी मुलांनी मात्र तो नीट वाचावा. थोडक्यात असा: उंची ८ ते १० इंच, रंग कायोटी, मांसाकडची बाजू बाहेर ठेवलेलं गाईचं चामडं किंवा त्याच्या जोडीला जाळी नसलेलं कापड, सोलची जाडी २ इंचांपेक्षा जास्त नाही, आणि झिप नाही. नाडीची टोकं बुटाच्या वरच्या कडेत खोचायची. पँटचा पाय आत दुमडून बुटावर फुगवला (ब्लाउज केला) की तो वरून तिसऱ्या आयलेटच्या, म्हणजे नाडीच्या भोकाच्या, खाली उतरता कामा नये. स्वतःच्या पैशांनी घेतलेले बूट या चौकटीत बसले तर चालतात, पण कमांडरने थंडीसाठी किंवा सुरक्षेसाठी ठरावीक बूट दिले असतील तर तेच घालावे लागतात. मरीन कोअरमध्ये आणखी एक अट आहे: दोन्ही बुटांच्या टाचेवर बाहेरच्या बाजूला त्यांचं गरुड, पृथ्वीगोल आणि नांगराचं चिन्ह हवं. ते नसलेला बूट बाकी कितीही सरस असला तरी तिथे बाद. हवाई दलही १ एप्रिल २०२१ पासून पूर्णपणे ओसीपी या लष्कराच्याच छापाच्या गणवेशावर आलं आहे, म्हणून तिथेही आता कायोटी ब्राउनच. जुने वाळूच्या रंगाचे बूट सरप्लसमध्ये, म्हणजे लष्कराने विकून टाकलेल्या मालात, स्वस्त मिळतात त्याचं कारण हेच.

नुसते बूट घालायला आपल्याकडे कुणाला बंदी नाही. पण सैनिक असल्याचा समज व्हावा अशा हेतूने सैनिकी पोशाख करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. त्यामुळे बुटांबरोबर तोच विक्रेता हौसेने नवीन कॉम्बॅट छापाची पँट आणि शर्ट गळ्यात मारू लागला तर नको म्हणावं.

आणि भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी एक: १६०० मीटरच्या धावण्याचा सराव डीएमएसमध्ये करू नका. ‘जड बूट घालून पळलं की नंतर हलकं वाटतं’ हा मैदानावरचा लाडका सल्ला आहे. प्रत्यक्षात नडगीचं दुखणं आणि टाचेवरचे फोड हेच हाती लागतं. पायातलं १ किलो वजन पाठीवरच्या साधारण ५ किलोंइतकी दमछाक करतं.

काळा डीएमएस

डीएमएस म्हणजे सोल वेगळा चिकटवलेला किंवा शिवलेला नाही, तर साच्यात वरच्या चामड्यावर थेट ओतून बसवलेला. सोल आणि चामड्याच्या जोडातून पाणी शिरत नाही, शिलाई उसवत नाही, बूट वर्षानुवर्षं टिकतो. बाजारात मात्र कोणत्याही काळ्या उंच बुटाला डीएमएस म्हणून खपवतात, म्हणून सोल आणि चामड्याची सांध पाहावी. खऱ्या डीएमएसमध्ये तिथे डिंकाची रेघ दिसत नाही आणि अंगठ्याने चामडं खेचलं तर फट उघडत नाही.

दुसरी फसवणूक सोलच्या मालात असते. स्वस्त बुटांना पीव्हीसीचा सोल असतो. तो चकचकीत दिसतो, गारठ्यात कडक होतो आणि ओल्या फरशीवर सरळ घसरतो. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर बूट हाताने दाबून पुढे ढकला: रबर धरून राहतं, पीव्हीसी सुळकन जातो. चामड्याची परीक्षा वाकवून होते. बोटांच्या मागे जिथे बूट वाकतो तिथे दुमडल्यावर बारीक सुरकुत्या पडल्या तर चामडं चांगलं. रंगाला रेघा पडून पापुद्रा सुटू लागला तर वर जाड रंगाचा थर किंवा सरळ रेक्झिन आहे, आणि ते महिन्या-दोन महिन्यांत तिथेच फाटतं.

परेड, गार्ड ड्युटी, कोरड्या जमिनीवरची चाल यांसाठी हा बूट चांगला. गुण संपले की दोष सुरू होतात: जोडी जड असते, हवा खेळत नाही, आणि सोलचा जोड पक्का असला तरी वरच्या शिलाईतून व जिभेच्या बाजूने पाणी आत येतंच. आलेलं पाणी बाहेर जायला वाट नाही. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश सैनिकांच्या पायांत घोट्यापर्यंतचे डीएमएसच होते. तिथल्या ओल्या, थंड दलदलीत अनेकांना ‘ट्रेंच फूट’ (सतत ओल्या गारठ्याने पाय सुजणं, बधिर होणं) झालं आणि त्यानंतर ब्रिटिश लष्कराने उंच बूट आणला. कोकणातल्या पावसात गारठा तेवढा नाही, पण दिवसभर ओल्या चामड्यात कोंडलेल्या पायाला चिखल्या व्हायला गारठा लागतच नाही. आणखी एक गोष्ट: ओतलेला सोल झिजला की बूट संपला, चांभार तो बदलून देऊ शकत नाही. सोल बदलून वापरायचे असतील तर वेल्टवर, म्हणजे चामडं आणि सोल यांमधल्या पट्टीवर, शिवलेले बूट शोधावेत. ते महाग असतात, पण दोनतीन सोल खातात.

ड्रिल बूट दोन ओळींत: चामड्याचा दुहेरी सोल, खाली खिळे, टाचेला नाल, पुढे टो-प्लेट. टाच आपटल्याचा आवाज फक्त यातूनच निघतो. परेड ग्राउंड सोडून कुठेही घालू नका. ग्रॅनाइटच्या किंवा टाइल्सच्या जिन्यावर तर अजिबातच नाही.

सुरक्षारक्षकांना बऱ्याचदा डीएमएस म्हणून कारखान्याचे सेफ्टी बूट दिले जातात. आत आयएस १५२९८ असा शिक्का असतो. त्याचा भाग २ म्हणजे २०० ज्यूलचा आघात झेलणारी टो-कॅप, भाग ३ म्हणजे १०० ज्यूल, भाग ४ म्हणजे टो-कॅप नाही. गोदामात भाग २ हवाच. पण फाटकावर बारा तास उभं राहणाऱ्याला पोलादी टोपीचा काही उपयोग नाही. उलट तिच्या मागच्या कडेवर करंगळी घासते. त्याने भाग ४ मागावा.

पाण्यासाठी: जंगल बूट

हिरव्या कॅनव्हासचा देशी जंगल बूट हलका, स्वस्त आणि लवकर वाळणारा. घोट्याला आधार जवळपास नाही, सोल पातळ असल्याने टोकदार खडी तळपायाला कळते. फाटण्याची जागा ठरलेली: बोटांच्या मागे, जिथे कॅनव्हास रबरी पट्टीला मिळतो. वाकताना सगळा ताण तिथे येतो. घेताना त्या जागी आतून कापडाचा दुसरा थर आहे का, ते बोटांनी चाचपून पाहावं. पाठीवर जड ओझं नसेल तर भातखाचरं, ओढे आणि शेताच्या बांधांसाठी या किमतीत याला तोड नाही.

अमेरिकी धाटणीचा जंगल बूट ही याच कल्पनेची मजबूत आवृत्ती. व्हिएतनाम युद्धात रुळलेली त्याची रचना अजून फारशी बदललेली नाही: पुढे आणि टाचेला चामडं, बाजूला नायलॉन, आतल्या बाजूला कमानीजवळ पाणी निघायला धातूची छिद्रं. त्या काळी जमिनीत पुरलेल्या बांबूच्या अणकुचीदार खुंट्यांपासून बचावासाठी सोलमध्ये पोलादी पत्राही असे. खाली जो तिरक्या, लांब अंतरावरच्या ठोकळ्यांचा ‘पनामा’ सोल असतो, त्याची रचना अमेरिकी सार्जंट रेमंड डोबी यांनी १९४४ मध्ये केली. पाऊल टेकलं की ठोकळे किंचित वाकतात आणि अडकलेला चिखल बाजूला फेकला जातो. लाल मातीच्या चिकट वाटेवर हा फरक लगेच कळतो. साध्या खाचांच्या सोलला प्रत्येक पावलागणिक माती चिकटत जाते आणि अर्ध्या तासात बूट दुप्पट जड होतो.

नकली जोड्यांत ही छिद्रं शोभेची असतात. धातूची कडी बाहेरून बसवलेली, आत मात्र फोम आणि अस्तराने बंद. दुकानात पातळ तार घालून पाहा, किंवा घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत बुटात पेलाभर पाणी ओता. पाच-दहा पावलांत बहुतेक पाणी बाहेर पडायला हवं. छिद्राला आतून बारीक जाळी असावी, नाहीतर वाळू आणि आंबोलीसारख्या ठिकाणी जळवा त्याच वाटेने आत येतात. जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली हवी, कारणही तेच.

पनामा सोलची मर्यादा सह्याद्रीत ठळकपणे दिसते. ठोकळे लांब लांब असल्याने सपाट खडकावर रबराचा थोडाच भाग टेकतो. ओला, शेवाळलेला काळा पाषाण असेल तर हा सोल चिखलातल्यासारखा भरवसा देत नाही. कातळटप्पे आणि कोरीव पायऱ्यांचा किल्ला असेल तर रुंद, सपाट माथ्याचे आणि जवळ जवळ ठोकळे असलेला, थोड्या मऊ रबराचा सोल घ्यावा. कोकणात जांभ्यावर रोज चालायचं असेल तर उलट. मऊ रबर जांभ्यावर कानसल्यासारखं झिजतं. एकच सोल दोन्हीकडे पहिल्या नंबरचा असतो असं सांगणाऱ्या विक्रेत्याने यातली एक जमीन पाहिलेली नसते.

गोअर-टेक्स कुठे घालू नये

‘वॉटरप्रूफ आहे, पावसाळ्यासाठी बेस्ट’ हे वाक्य लष्करी बुटांच्या बाजारातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य आहे. हे अस्तर घामाची वाफ बाहेर सोडतं ते आत आणि बाहेर बाष्पाच्या दाबात फरक असतो म्हणून. जुलैतल्या घाटात बाहेरची हवाच बाष्पाने ठासलेली असते, फरक उरत नाही आणि घाम आतच साचतो. त्यात गुडघाभर ओढा ओलांडला की पाणी वरून बुटात शिरतं, आणि जे अस्तर पाणी आत येऊ देत नव्हतं तेच आता बाहेर जाऊ देत नाही. असा बूट पावसाळ्यात रात्रभरात वाळत नाही, दुसऱ्या दिवशी ओलाच चढवावा लागतो.

हाच बूट उत्तराखंड-हिमाचलच्या वितळत्या बर्फात, दवाने भिजलेल्या गवतात किंवा युरोपातल्या थंड रिपरिपीत सोनं आहे. तिथे बाहेर गार, आत उबदार, आणि पाणी घोट्याच्या खालीच. थंडीच्या बुटांवर २००, ४००, ६०० असे ग्रॅमचे आकडे असतात. ते दर चौरस मीटर ऊबदार भरावाचं वजन. चालत राहणाऱ्याला २०० पुरतो. जास्त भराव फक्त तासन्‌तास एका जागी उभ्या असणाऱ्यासाठी. चालताना त्यात पाय घामाने भिजतो आणि थांबल्यावर तोच घाम गारठतो. सियाचीनसारख्या ठिकाणचे दुहेरी बूट हा वेगळाच विषय आहे. ते दुकानातून निवडायची वस्तू नाही, तिथे जाणाऱ्याला ते दिलेच जातात.

नंबर

भारतातले आकडे बहुधा ब्रिटिश मापाचे असतात. ब्रिटिश ८ म्हणजे साधारण अमेरिकी ९ आणि युरोपीय ४२. ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक ८.५ मिलिमीटरचा, युरोपीय मापात ६.७ मिलिमीटरचा, त्यामुळे अर्धा नंबर मिळत नसेल तर युरोपीय आकड्यांत जवळचं माप सापडू शकतं. काही लष्करी जोड्यांवर २७०/१०४ असं लिहिलेलं असतं: पहिला आकडा पायाची लांबी, दुसरा रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हे माप सगळ्यात प्रामाणिक, कारण ते पायाचं असतं, साच्याचं नाही.

माप संध्याकाळी घ्यावं, तेव्हा पाय फुगलेला असतो. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं, पूर्ण वजन टाकायचं आणि दोन्ही पायांची लांबी मोजायची. मोठा पाय असेल तो नंबर. जे मोजे घालून चालणार तेच घालून बूट चढवा. नाडी न बांधता पाय पुढे सरकवला तर टाचेमागे एक बोट सहज जावं. मग नाडी बांधून बुटाचं टोक जमिनीवर तीनचार वेळा ठोका. अंगठा पुढे आदळला तर उतारावर नख काळं होणार, अर्धा नंबर वाढवा. टाच ५ मिलिमीटरपर्यंत उचलली गेली तर चालतं, नवा कडक सोल वाकू लागला की ती बसते. त्याहून जास्त उचलली तर फोड नक्की.

आपल्याकडे पुढचा पाय रुंद आणि टाच अरुंद अशी ठेवण बरीच दिसते. अशांनी रुंदीसाठी नंबर वाढवू नये. बूट लांब झाला की त्याची वाकण्याची जागा बोटांच्या सांध्यापुढे जाते आणि चामडं वरून टोचतं. त्यापेक्षा रुंद साचा मागावा. तो नसेल तर आतला पातळ तळवा बदलून पाहावा. टाच सुटत असेल तर घोट्याच्या वळणाशी नाडीला दुहेरी पीळ देऊन मग वरची आयलेटं बांधावीत. खालची नाडी सैल आणि वरची घट्ट राहते, बोटांनाही मोकळीक मिळते.

मोजे सुती नकोत. सूत पाणी धरून ठेवतं आणि भिजलेलं सूत कातडी घासतं. लोकर-नायलॉन मिश्रण घ्यावं, पावसात दोन जोड जास्तीचे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत. दुपारच्या थांब्यावर पाय पुसून मोजे बदलणं हे बुटाच्या किमतीपेक्षा जास्त काम करतं.

टिकवणं, आणि जुना माल

चामडी बूट भिजले की तळवे आणि नाड्या काढून आत वर्तमानपत्र कोंबा, दर दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ किंवा हीटरसमोर ठेवलेलं चामडं कडक होऊन चिरतं आणि चिकटवलेल्या सोलचा डिंक सुटतो. अर्धवट ओले असतानाच क्रीमचा हलका हात द्यावा. परेडचं आरशासारखं पॉलिश फक्त पुढच्या टोकावर आणि टाचेवर चढवा. जिथे बूट वाकतो तिथे मेणाचा जाड थर तडकतो. कायोटी रंगाच्या खरखरीत चामड्याला पॉलिश लावूच नये, त्याला ब्रश पुरतो. पावसाळ्यात कपाटातल्या बुटांवर बुरशी येते. निम्मं पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने पुसून सावलीत वाळवलं की जाते.

सरप्लसचा न वापरलेला, डब्यातला जोड स्वस्तात मिळतो तेव्हा सोल कशाचा आहे ते आधी विचारा. पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, हवेतल्या बाष्पाने आतून कुजतो. बूट वापरला नाही तरी, किंबहुना वापरला नाही म्हणून, काही वर्षांत त्याचा भुगा होतो. मुंबई-कोकणच्या दमट गोदामात हे आणखी लवकर होतं. वरून बूट कोरा करकरीत दिसतो आणि पहिल्याच चालीत अख्खा सोल निखळून हातात येतो. सोलच्या कडेला नख दाबा: चिकट लागलं, खळगा तसाच राहिला किंवा चुरा सुटला तर घेऊ नका. आत उत्पादनाची तारीख असेल आणि तिला पाच वर्षं उलटून गेली असतील, तर पीयूचा जोड कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. भट्टीत पिकवलेलं रबर जुनं झालं तर कडक होतं, बारीक चिरा पडतात, पण असं अचानक दगा देत नाही.

चिकटवलेल्या सोलचे बूट पावसाळ्यापूर्वी चांभाराकडून कडेने जाड मेणदोऱ्याने शिवून घ्यावेत. पुढच्या टोकाला टाके जवळ जवळ घालायला सांगा, सोल उघडायला सुरुवात तिथूनच होते. गोअर-टेक्सच्या बुटावर मात्र सुई चालवू देऊ नका, एकेका टाक्यागणिक अस्तराला भोक पडतं. डीएमएसलाही शिलाईची गरज नसते. तिथे फक्त टाचेची बाहेरची कड झिजल्यावर रबराचा तुकडा बसवून घ्यावा, आणि तोही झीज सोलच्या खाचांच्या तळापर्यंत पोचायच्या आत.